हेडबँड गेला म्हणून विझार्ड संपत नाही

‘जादूची वस्तू काढून घेतली की विझार्डचा खेळ खल्लास. इंटेलिजन्स उतरला की स्लॉट गेले, तयार स्पेल पुसले, मोठे स्पेल बंद, चालू असलेले स्पेलही तुटले. म्हणून आधी त्याच्या वस्तूवर डिस्पेल मॅजिक मारा.’ डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून पात्रं रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये हा सल्ला इतका फिरतो की नवे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) त्याला नियमच समजतात. विझार्ड म्हणजे जादूगार पात्र, इंटेलिजन्स हा त्याच्या बुद्धीचा आकडा, स्पेल म्हणजे मंत्र, तयार स्पेल म्हणजे त्या दिवसासाठी निवडून ठेवलेले मंत्र, स्लॉट म्हणजे मंत्र टाकताना खर्च होणारी मोजकी मुभा, आणि डिस्पेल मॅजिक हा जादू मोडणारा स्पेल. लेव्हल पात्रालाही असते आणि स्पेललाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या टेबलावर एका मुलीची पाचव्या लेव्हलची विझार्ड होती. पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. अंगचा इंटेलिजन्स 14, पण हेडबँड ऑफ इंटलेक्ट या डोक्यावरच्या जादूच्या पट्टीमुळे 19. बाजारात चोराने हेडबँड लांबवला आणि डीएमने सांगितलं, ‘वरचे स्लॉट खोड.’ तिने खोडरबर घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटचे कागदावरचे पाचही चौकोन पुसले. पुढचे दोन तास पाळी आली की ती फक्त ‘डॅगर’ म्हणायची. मी शेजारीच होतो आणि गप्प बसलो, कारण मलाही ते खरंच वाटत होतं. घरी येऊन नियम काढले तेव्हा कळलं की तिचा एकही चौकोन पुसायला नको होता.

हा समज कुठून आला ते आधी सांगतो, कारण तो हवेतून आलेला नाही. 2003 च्या 3.5 आवृत्तीत तो बराचसा खरा होता. तिथे स्पेल टाकायला इंटेलिजन्स किमान 10 अधिक स्पेलची लेव्हल इतका लागतो, आणि जास्त इंटेलिजन्सवर रोजचे जादा स्पेल मिळतात. समजा अकराव्या लेव्हलच्या विझार्डचा अंगचा इंटेलिजन्स 14 आहे आणि +6 च्या हेडबँडने तो 20 झालाय. हेडबँड गेला की पाचव्या आणि सहाव्या लेव्हलचे स्पेल थेट बंद, शिवाय पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हलचा एकेक जादा स्पेलही जातो. त्या हेडबँडची किंमत 36,000 सोन्याची नाणी होती ती उगाच नाही. त्या काळी खेळलेल्यांनी हा सल्ला अनुभवावरून दिला. चूक झाली ती तो तसाच नव्या आवृत्तीच्या टेबलावर आणण्यात.

आता एकेक मुद्दा घेऊ. ‘स्लॉट जातात.’ पाचव्या आवृत्तीत स्लॉट क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, तक्त्यातून येतात, लेव्हलप्रमाणे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला 4, 3 आणि 2 असे नऊ, मग इंटेलिजन्स 8 असो की 20. ‘मोठे स्पेल बंद’ हेही तसंच: इंटेलिजन्सची किमान अट या आवृत्तीत राहिलेलीच नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. काही वस्तू स्वतःच स्लॉट परत देतात. पर्ल ऑफ पॉवर दिवसातून एकदा तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा एक स्लॉट परत देतो, आणि वॉरलॉकचा (हा दुसऱ्या प्रकारचा जादूगार) रॉड ऑफ द पॅक्ट कीपरही दिवसाला एक स्लॉट देतो. त्या गेल्या तर तेवढा एक स्लॉट गेला. बाकीच्यांना हात लागत नाही.

‘तयार स्पेल पुसले जातात.’ 2014 च्या नियमात तयार स्पेलची संख्या म्हणजे लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून ठरणारी भर (19 ला +4, 14 ला +2). तिच्या बाबतीत हेडबँडसह 9, त्याशिवाय 7. पण ही यादी लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) बनते आणि संख्या तेव्हाच मोजायची असते, असंच मी नियम वाचतो. दुपारी चोरी झाली तर त्या दिवसाचे नऊच्या नऊ स्पेल डोक्यात आहेत. पुढची यादी ती करेल तेव्हा सात. 2024 च्या नियमपुस्तकात तर ही संख्याही तक्त्यात ठरवून टाकलीय, पाचव्या लेव्हलला 9. तिथे हा मुद्दा उरतच नाही.

‘चालू स्पेल तुटतात.’ काही स्पेल चालू ठेवायला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एकाग्रता, लागते; ते तुटण्याची कारणं नियमात मोजून दिलीत: दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकणं, मार लागून सेव्ह (परिणाम टाळायचा फासा) हुकणं, इनकपॅसिटेटेड (काहीच करता न येण्याच्या अवस्थेत) होणं, मरणं. वादळात हेलकावणाऱ्या जहाजावर असलात तर डीएम सेव्ह मागू शकतो. वस्तू हरवणं त्या यादीत नाही.

‘वस्तूवर डिस्पेल मॅजिक मारा’ हा सल्लाही 3.5 मधलाच. तिथे त्याने वस्तू 1d4 (चार बाजूंच्या एका फाशावर येतील तितके) राउंड थंड पडायची. पाचव्या आवृत्तीत डिस्पेल मॅजिक स्पेल संपवतो, वस्तूची अंगची जादू नाही. हेडबँडवर तो मारलात तर तुमचाच स्लॉट वाया.

मग नेमकं बिघडतं काय? हा हिशोब मी कागदावर मांडून बघितला. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारी भर) +3. सेव्ह डीसी (शत्रूला सेव्हसाठी गाठावा लागणारा आकडा) 8 + 3 + 4 म्हणजे 15 होता, तो 13 झाला. स्पेल अटॅक (स्पेलने नेम साधायच्या फाशातली भर) +7 वरून +5. डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह +2 असलेल्या शत्रूवर फायरबॉल टाकला, तर आधी तो 60 टक्के वेळा सेव्ह हुकायचा, आता 50 टक्के. फायरबॉलची सरासरी 28, सेव्ह झाला तर निम्मी. म्हणजे एका शत्रूमागे सरासरी 22.4 चं नुकसान 21 वर आलं. दीड पॉइंटसुद्धा नाही! मॅजिक मिसाइल, शील्ड, मिस्टी स्टेप, फ्लाय, हेस्ट यांना तर काडीचाही फरक नाही. झळ बसते ती होल्ड पर्सनसारख्या स्पेलना, जिथे सेव्ह झाला की हाती शून्य. आणि डिस्पेल मॅजिकला: चौथ्या लेव्हलचा स्पेल मोडायची शक्यता 55 टक्क्यांवरून 45 वर येते. ही झळ खरी आहे, ती खेळताना जाणवायलाही हवी. पण ती डॅगरवर यायची वेळ नव्हे.

अट्यूनमेंटही, म्हणजे वस्तू आणि ती वापरणारा यांच्यातलं जादूचं नातंही, लगेच जात नाही. हेडबँडचा फायदा डोक्यावर असेपर्यंतच, पण अट्यूनमेंट तुटायला तो 24 तास 100 फुटांपेक्षा लांब राहावा लागतो, किंवा दुसऱ्या कुणी तो अट्यून करावा लागतो. चोराला संध्याकाळी पकडलं असतं तर शॉर्ट रेस्टशिवाय (नव्याने नातं जोडायच्या छोट्या विश्रांतीशिवाय) तो पुन्हा चालू झाला असता. तो पाठलागच त्या रात्रीचा खेळ झाला असता.

आणि ज्या डीएमना चोरी खरोखर बोचायला हवी आहे, त्यांनी चोराला स्पेलबुक, म्हणजे विझार्डची मंत्रांची वही, उचलू द्यावं. ते गेलं तर तयार असलेले स्पेल टाकता येतात, पण यादी बदलता येत नाही. तयार आहेत तेवढेच स्पेल नव्या वहीत उतरवता येतात, स्पेलच्या दर लेव्हलमागे एक तास आणि 10 सोन्याची नाणी. त्या मुलीने पुढच्या शनिवारी पाचही चौकोन पेनाने पुन्हा काढले आणि लुटीच्या पैशातून आधी वहीची दुसरी प्रत करून घेतली.