काकूंची पीस लिली

शेजारचे काका-काकू सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे फ्लॅटची किल्ली, विजेचं बिल भरायची जबाबदारी आणि पीस लिलीची कुंडी सोपवली. किल्ली आणि बिलाबद्दल त्यांनी आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही.

कुंडीबरोबर एक स्टीलची वाटीही आली. ‘‘मंगळवार आणि शुक्रवार, ही वाटी भरून पाणी. तुझ्या घरची घेऊ नकोस, तुमच्या वाट्या खोलगट आहेत,’’ असं काकूंनी बजावलं. आमच्या वाट्यांचा खोलगटपणा त्यांनी कधी मोजला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पहिल्याच रविवारी सकाळी पाहतो तर लग्नात मानपान न मिळालेल्या आत्याबाईंसारखी लिली मान टाकून बसलेली. एकूण एक पान कुंडीच्या कडेवरून खाली. रविवार हा पाण्याचा वार नव्हता, तरी बायकोने वाटी उपडी केली आणि दुपारच्या जेवणापर्यंत बाईसाहेब ताठ! या पानांचा ताठा पेशींत भरलेल्या पाण्याच्या जोरावर असतो. पाणी ओसरलं की ताठा ओसरतो, मिळालं की काही तासांत परत येतो. इथवर मला झाडाचा स्वभाव समजला असं वाटलं होतं.

मग पुण्याचा जुलै लागला. लिलीने पुन्हा मान टाकली, माती मात्र ओली. झाडाला तहान लागली की पानं लोळतात, आणि पाणी जास्त झालं तरी तशीच लोळतात. पाणी साचलं की मातीतल्या फटी बुजतात, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग त्यांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून झाड तहानेने कोमेजतं. आता त्याने मान टाकली की ती कोणत्या कारणासाठी, हे माणसाने कसं ओळखायचं? मी तर वार काकूंचे आणि वाटीही काकूंचीच पाळत होतो. ओल्या हवेत माती मंगळवारची शुक्रवारी वाळत नाही, हे त्या वाटीला कोण सांगणार?

सल्ले मात्र भरपूर आले. आई म्हणाली, तांदूळ धुतलेलं पाणी घाल. कामाच्या मावशींनी दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि मीठ-मोहरी काढायला बायकोकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका म्हणाले, ‘‘काही करा, पण जगवा. हवा शुद्ध करतं ते, नासाने सांगितलंय.’’ नासाचा अहवाल आहे खरा, 1989 चा, पण ते प्रयोग बंद पेटीत केलेले. पुढे 2019 मध्ये असे बरेच प्रयोग तपासून पाहिले तेव्हा निघालं की, घरात बाहेरची हवा खेळून जे काम आपोआप होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. आमच्या हॉलमध्ये तेवढी झाडं ठेवली तर आम्हाला जिन्यात राहावं लागेल. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘एक तर जगवा.’’

शेवटी नर्सरीवाल्याने उपाय सांगितला: मातीत पेरभर बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. वार बघायचा नाही. हे काकूंना कळवायची हिंमत होईना, म्हणून मंगळवार-शुक्रवार मी वाटी भरून कुंडीशेजारी ठेवायचो. व्हिडिओ कॉलवर वाटी दिसायची.

हे व्हिडिओ कॉल हा वेगळाच छळ. काकूंची रात्रीची जेवणं उरकली की आमच्याकडे सकाळचे साडेसहा. मी ब्रश तोंडात धरून कुंडी फिरवतोय आणि न्यू जर्सीहून हुकूम सुटतायत: ‘‘अरे, ते मागचं पान दाखव. टोक करपलंय का? उन्हात तर नाही ना ठेवलीस? आणि बाळाला लांब ठेव, अळूच्या कुळातली आहे, पान चावलं तर तोंडाची आग होईल.’’ माझी कधी चौकशी झाली नाही. एकदा मला ताप होता, तेव्हा ‘‘मग पाणी कोण घालतंय?’’ एवढंच विचारलं.

ऑगस्टअखेर कुंडीतून दोन पांढऱ्या पाकळ्या वर आल्या. खरं तर ती पाकळी नव्हेच, पांढरं झालेलं पान. खरी फुलं मधल्या दांड्यावर बारीक बारीक असतात. पण घरात पेढे वाटायचेच बाकी होते. साडेसहाला मी विजयी मुद्रेने फोन लावला.

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे चार वर्षांत कधी फुलली नाही.’’

‘‘आता फुलली ना, काकू!’’

‘‘कुंडी जरा तिरकी कर. खालून दाखव.’’

काकू भांड्यांवर नावं घालून घेणाऱ्या पिढीतल्या. कुंडीच्या तळाला ऑइल पेंटने त्यांच्या नावाची आद्याक्षरं होती. मी ती कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडून काकांनी चष्मा लावून वाचली.

‘‘कुंडी आपलीच आहे,’’ काका म्हणाले.

‘‘कुंडीचं मी कुठे विचारतेय?’’ काकू म्हणाल्या. ‘‘आतलं झाड कुठल्या नर्सरीतून आणलंस, ते सांग.’’