‘खरं कंट्री संपलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अमेरिकेच्या कंट्री संगीतावरचा एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंट्री हे डोंगरदऱ्यांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं शुद्ध संगीत होतं, आधी पॉपने आणि मग हिप-हॉपने ते बाटवलं, तरुणांनी पाठ फिरवली, आणि आता यंत्रंच (म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, एआय) गाऊ लागल्यावर उरलंसुरलंही गेलं. मी हे संगीत वीस वर्षं जीव लावून ऐकते आहे. यातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही.

आधी ते ‘शुद्ध’ प्रकरण. बँजोशिवाय कंट्री डोळ्यांसमोर येत नाही. (आपल्याकडे वरातीत वाजतो तो बटणांचा बँजो वेगळा.) या बँजोचे पूर्वज आफ्रिकेतले, गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते अमेरिकेत घडवले. फिडल, म्हणजे लोकढंगाने वाजवलेलं व्हायोलिन, युरोपातून आलं, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची स्टील गिटार हवाई बेटांवरून, आणि आवाज झटकन वर-खाली उलटवत गाण्याची, म्हणजे योडेलिंगची, मुळं आल्प्समध्ये. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीर या रेकॉर्ड निर्मात्याने कार्टर कुटुंब हा गायकांचा गट आणि जिमी रॉजर्स हा गायक यांची पहिली ध्वनिमुद्रणं केली. कंट्रीचा जन्म तिथला मानतात. पुढे त्या कुटुंबातले ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव हिंडत, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असे. कार्टर शब्द उतरवून घेत, रिडल चाल डोक्यात साठवून आणत. रॉजर्स यांनी तर १९३० साली लुई आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटसोबत गाणं मुद्रित केलं. टेनेसीतल्या नॅशव्हिल या कंट्रीच्या राजधानीतल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं, आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २००५ साली, मृत्यूनंतर.

मग ही शुद्धता आली कुठून? रेकॉर्ड कंपन्यांच्या कपाटांतून. १९२० च्या दशकात त्यांनी काळ्या कलाकारांच्या तबकड्यांची यादी वेगळी केली आणि गोऱ्यांच्या डोंगरी गाण्यांची वेगळी. माणसं एकमेकांकडून शिकत होती; विक्रीसाठी त्यांच्यामध्ये भिंत घातली गेली. आज तीच भिंत ‘परंपरा’ म्हणून दाखवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

पॉपने बाटवल्याची तक्रार तर माझ्या जन्माच्याही आधीची आहे. रॉक अँड रोलने तरुण श्रोता पळवला तेव्हा, १९५० च्या दशकाच्या शेवटी, चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आणला. तेव्हाही लोक म्हणाले, झालं, संपलं. त्याच काळात, त्याच पद्धतीने मुद्रित झालेली गायिका पॅट्सी क्लाइन आज ‘खऱ्या’ कंट्रीचा दाखला म्हणून पुढे केली जाते. १९७५ च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यात गायक चार्ली रिच यांनी विजेते म्हणून जॉन डेन्व्हर या पॉपकडे झुकणाऱ्या गायकाचं नाव असलेली चिठ्ठी मंचावरच लायटरने पेटवली. त्यांच्या मनात नेमकं काय होतं यावर मतभेद आहेत, पण अनेकांनी तो पॉपविरुद्धचा निषेध मानला. आणि रिच यांची स्वतःची गाजलेली गाणी? तीही गुळगुळीत, शहरी वळणाचीच.

एक कबूल करते. दहा-बारा वर्षांपूर्वी रेडिओवर पिकअप ट्रक, बिअर आणि तंग जीन्स एवढ्यावरच गाणी चालली होती. मीही कंटाळून रेडिओ बंद केला. पण २०१५ च्या सीएमए सोहळ्यात ख्रिस स्टेपलटन हा दाढीवाला, खरखरीत आवाजाचा गीतकार उभा राहिला आणि त्या रात्रीनंतर तो घराघरांत पोचला. त्याच्या शेजारी गात होता जस्टिन टिंबरलेक, म्हणजे पॉपचाच माणूस.

हिप-हॉपबद्दल. २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं ‘ओल्ड टाऊन रोड’ बिलबोर्डने, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकी मासिकाने, कंट्रीच्या यादीतून काढलं. मुख्य यादीत ते १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ मध्ये शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याने त्या विक्रमाची बरोबरी केली, आणि या वेळी कंट्रीच्या यादीतून त्याला कुणी हाकललं नाही. रॅप ऐकत वाढलेल्या पोराने बारमधल्या दुःखावर गाणं केलं तर ते कंट्रीच आहे. कंट्रीचा दिग्गज हँक विल्यम्सही ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत शिकला तो रूफस पेन या रस्त्यावर वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाकडून.

तरुण ऐकत नाहीत म्हणे. ऑगस्ट २०२३ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिली तिन्ही गाणी कंट्री गायकांची होती, १९५८ मध्ये ती यादी सुरू झाल्यापासून प्रथमच. त्यातलं एक कृष्णवर्णीय गायिका ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं ‘फास्ट कार’, कंट्री गायक ल्यूक कॉम्ब्सने नव्याने गायलेलं. गाणं आलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

राहिलं यंत्राचं. २०२५ च्या नोव्हेंबरात यंत्राने केलेलं एक गाणं कंट्रीच्या डिजिटल विक्रीच्या यादीत पहिलं आलं, हे खरं. पण ती यादी विकत घेतलेल्या डाउनलोडची. हल्ली तशी खरेदी इतकी थोडी होते की जराशा विक्रीवरही वर जाता येतं. टेनेसीने २०२४ मध्येच कलाकाराच्या आवाजाची परवानगीविना नक्कल करण्याविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी, २०१३ च्या पक्षाघातात आवाज गमावलेल्या कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिस यांचं नवं गाणं यंत्राच्या मदतीने आलं. दुसऱ्या गायकाने गायलं, त्यावर ट्रॅव्हिस यांचा जुना आवाज चढवला, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच जुन्या निर्मात्याच्या हातून.

मला भीती वाटते ती गीतकाराच्या पोटाची. पूर्वी अल्बममधलं नववं गाणं लिहिणाऱ्यालाही प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे पैसे मिळत. स्ट्रीमिंगमध्ये जे गाणं वाजतं त्याचेच मिळतात, तेही कवडीमोल. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत गीतकार आजही मधोमध गोल करून बसतात आणि इतरांच्या तोंडी गाजलेली आपली गाणी स्वतःच्या साध्या आवाजात गातात. त्यांच्या घरभाड्याबद्दल त्या फिरत्या मजकुरात एक ओळही नाही.