‘उसने’ हा शब्द कसा वापरावा

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला कर्ज नको आहे. कर्ज बँकेचं असतं. त्याला व्याज असतं, जामीनदार असतो आणि हप्ता चुकला की ऐन जेवताना फोन येतो. उधारीही नको. उधारी वाण्याकडे असते आणि त्याने ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी खास तुमच्यासाठी गल्ल्यामागे टांगलेली असते. तुम्हाला हवेत ते ‘हातउसने’. आणि हा शब्द कधी नुसता उच्चारू नये, आधी ‘जरा’ लावावा. “जरा पंधरा हजार हातउसने मिळतील का रे?” या ‘जरा’मुळे ऐकणाऱ्याला एक शून्य गळाल्यासारखं वाटतं.

हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातला. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर महिन्याचा किराणा भरला की तेवढीच साखर त्याच वाटीतून परत जाते. आमची आई तर आणताना सपाट असलेली वाटी परत करताना शिगोशीग भरून द्यायची. साखरेच्या बदल्यात गूळ चालत नसे आणि पोह्यांच्या बदल्यात पोहेच लागत. वाटी साखरेची होती की रव्याची, हे दोन्ही घरांना पाठ असायचं, कुणी लिहून ठेवत नव्हतं. याला अपवाद एकच, विरजण. चमचाभर विरजण कुणी कुणाला परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुढे पुरुषमंडळींनी पैशाच्या व्यवहारासाठी शब्द साखरेचा उचलला आणि नियम विरजणाचा लावला.

व्याकरण सोपं आहे. साखर उसनी, तांदूळ उसने, अवसान उसनं. पैसे देणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू असतं, तेही उसनंच. क्रियापद मात्र नेहमी भविष्यकाळी ठेवा आणि त्याला एखादी अट जोडा: पगार झाला की देतो, एफडी मोडली की देतो, गावाकडचा तुकडा विकला की देतो. ‘पहिल्या तारखेला देतो’ हे सर्वांत सुरक्षित, कारण पहिली तारीख दर महिन्याला येते आणि महिना कुठला ते तुम्ही सांगितलेलं नसतं.

रक्कम ठरवताना कायद्याचा मान राखा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेण्याला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. तेव्हा बेतानं मागा. मात्र आधीची बाकीही त्यात धरतात, म्हणून पुढच्या वेळी मित्र बदला. रोखच घ्या. यूपीआयने घेतलेल्या पैशाला तारीख, वेळ आणि नाव चिकटतं. एक बातमी मात्र तुमच्या सोयीची आहे. यूपीआयवर ओळखीच्या माणसाला ‘एवढे पैसे दे’ अशी मागणी धाडायची सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. कारण फसवाफसवीचं होतं, पण सुटलात तुम्ही. आता त्याला तोंडाने मागावे लागतील आणि तोंडाने मागायला मराठी माणूस किती महिने घेतो, हे मी माझ्यावरून सांगू शकतो.

लेखी काही देऊ नका, हा या विषयाचा गाभा. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. अभंग एकही पाठ नसलेल्या माणसालाही हा प्रसंग तपशीलवार माहीत असतो आणि तो नेमका पैसे परत मागायला आलेल्यालाच ऐकवला जातो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, माणसं खरोखर पिचली होती. १८७९ मध्ये सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तुमचं तसं काही नाही, तुम्हाला फोन बदलायचा आहे. पण मुळात कागदच केला नाही, तर काडेपेटीचाही खर्च वाचतो.

आता मुदत. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे असे हातउसने वसूल करायला दिल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. म्हणजे तुम्हाला फक्त तीन वर्षं काढायची आहेत. मात्र त्या काळात ‘हो, तुझे पैसे देणं आहे’ असं लिहून सही केलीत, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. थोडे परत केलेत आणि त्याची तुमच्या हातची नोंद राहिली, तरी तेच. तेव्हा हजार-दोन हजार परत करून सज्जन दिसण्याचा मोह आवरा. त्याने चुकून व्याजाचा विषय काढलाच, तर महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे, असं गंभीर चेहऱ्यानं सांगा. एकदाच दिलेल्या पैशाला तो कायदा लागतो का, हा वाद त्याला वकिलाकडे जाऊन घालू दे.

महाबळेश्वरचे फोटो स्टेटसला टाकताना त्याचं नाव वगळायला विसरू नका. लग्नकार्यात समोर आलाच, तर आधी आपणच म्हणावं, “अरे, तुझं ते माझ्या लक्षात आहे हं!” ‘ते’ म्हणजे काय, याचा उच्चार करू नये. यावर तो हमखास म्हणतो, “असू दे रे, घाई नाही.” तो हे का म्हणतो, ते त्यालाही कळत नाही.

मला मात्र आता थोडी घाई आहे. अठरा हजारांना या श्रावणात तीन वर्षं पुरी होतील. परवा धीर करून मेसेज टाकला, ‘सहज आठवलं. अठराच होते ना रे?’ तासाभराने उत्तर आलं: पिवळा अंगठा. एकेकाळी सावकाराच्या कागदावर कुळाचा अंगठा उमटला की घरं गहाण पडायची. हा पिवळा अंगठा कोर्टात चालतो का, हे विचारायला काल वकिलाकडे गेलो होतो. त्यांनी फी आधी मागितली. पाकीट घरी राहिलं होतं. म्हटलं, उद्या आणून देतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शेजारच्या एटीएमचा रस्ता सांगितला.