पेट्रोल न्याय्य कधीपासून झालं?

"इलेक्ट्रिक गाड्या म्हणजे श्रीमंतांचे चोचले. शहरातला धूर उचलून वीजकेंद्राशेजारच्या गरिबांच्या दारात सोडायचा, बॅटरीसाठी काँगोतल्या पोरांना खाणीत उतरवायचं आणि अनुदान सगळ्यांच्या करातून घ्यायचं. त्यापेक्षा पेट्रोलच बरं." हा मजकूर सध्या हातोहात पुढे जातोय. यातल्या तक्रारी पोकळ नाहीत, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी धुराचं बघू. कोळशाच्या विजेवर गाडी चालली तर धूर होतोच. पण पेट्रोल इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटारीत फार थोडी. 'इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन' या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये बॅटरी बनवण्यापासूनचा सगळा हिशोब मांडला. कोळशावर भिस्त असलेल्या भारतातही मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारचं आयुष्यभराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन पेट्रोल कारपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघालं, युरोपात ६६ ते ६९ टक्के. वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी रस्त्यावरची जुनी गाडीही स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडीचं तसं होत नाही.

आणि आज धूर कोण गिळतंय? हमरस्त्याला, बस डेपोला, बंदराला लागून राहणारी माणसं, कारण तिथे घरं स्वस्त असतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ अखेर आपल्या १६ हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. बसने रोज कामावर जाणाऱ्याला श्रीमंत कसं म्हणायचं?

आता कोबाल्ट, म्हणजे बऱ्याच बॅटऱ्यांत लागणारा धातू. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोतून येतं. तिथल्या हाताने खोदलेल्या खाणींवर मुलं धातुक वेचतात, धुतात, पोती वाहतात. हे भयंकर आहे आणि त्यावर पांघरूण घालणाऱ्यांशी माझं अजिबात जमणार नाही. पण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नसतं, निकेलही नसतं, आणि २०२३ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरींमध्ये क्षमतेच्या हिशोबाने त्यांचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त होता. शिवाय कोबाल्ट फोनमध्येही असतं, आणि तेलातलं गंधक काढायला रिफायनरीतही लागतं. शोषण थांबवायचं तर खाणीवर मजुरी, सुरक्षा आणि शाळा मागितली पाहिजे. नुसता बहिष्कार टाकला तर त्याच घरांची चूल विझते.

पेट्रोलच्या उगमाकडे मात्र हा मजकूर ढुंकूनही बघत नाही. तेलगळतीने नासलेल्या नायजेरियातल्या ओगोनीलँडचा संयुक्त राष्ट्रांचा २०११ चा अहवाल वाचा. एका वस्तीतली कुटुंबं ज्या विहिरींचं पाणी पीत होती, त्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होतं. तिथली जमीन आणि पाणी पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं त्यात म्हटलंय. बॅटरीतला धातू परत काढता येतो, जाळलेलं पेट्रोल पुन्हा उपसावंच लागतं.

अनुदानाचा मुद्दा बराचसा बरोबर आहे. नॉर्वेने वर्षानुवर्षं महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही पूर्ण व्हॅट माफ केला. ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर तो लावायला २०२३ उजाडलं. पण म्हणून गाडीच नको म्हणणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फ्रान्सने २०२४ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना महिना सुमारे १०० युरोपासून भाड्याने इलेक्ट्रिक गाड्या दिल्या. मागणी इतकी आली की काही आठवड्यांत योजना थांबवावी लागली. आणि अनुदानाचाच हिशोब करायचा, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनुसार २०२२ मध्ये सरकारांनी जीवाश्म इंधनांवर थेट १ लाख ३० हजार कोटी डॉलर अनुदान दिलं. इंधन स्वस्त ठेवलं की जास्त जाळणाऱ्यालाच जास्त फायदा मिळतो.

खरा अन्याय कुठे आहे ते सांगतो. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के, असा फरक वर्षानुवर्षं राहिला. म्हणजे स्वतःच्या अंगणात गाडी लावणाऱ्याला ५ टक्के आणि पार्किंग नसलेल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्याच विजेवर चौपट दराने कर. गरिबांची बाजू घेणाऱ्या त्या मजकुरात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.