नाट्यशास्त्राची पदवी आणि ‘लाखो रुपये पाण्यात’

‘मुलांना नाट्यशास्त्राला घालण्याआधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक निनावी संदेश गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. संदेश म्हणतो, नाट्यशास्त्राची पदवी ही खरी पदवी नव्हे, त्यामुळे स्पर्धा परीक्षांना बसता येत नाही. तिच्यावर नोकरी नाही. मोठे नट तर डॉक्टर होते, त्यांना कुठे पदवी लागली. फी लाखांत जाते. आणि नटाला महिन्याचे उत्पन्न नसते, असे त्यातले पाच दावे आहेत. माझ्या बहिणीने तो वाचला आणि बारावी झालेल्या माझ्या भाचीचा प्रवेशअर्ज तिथेच थांबला. एका मुलीचे वर्ष ज्याने पणाला लागते, त्या मजकुराची कोणी साधी शहानिशाही करू नये, याचा मला संताप येतो.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण तो साफ खोटा असूनही पालकांच्या नेमक्या भीतीवर बोट ठेवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची कोणत्याही विषयातील पदवी चालते. राज्यसेवेचे आणि बँकांच्या अधिकारी भरतीचेही सर्वसाधारण पदांपुरते तेच आहे. ज्या पदांना अभियांत्रिकी किंवा कृषी अशी विशिष्ट पदवी लागते, ती जशी नाट्यशास्त्राच्या पदवीधराला बंद आहेत, तशीच इतिहासाच्या आणि मराठीच्या पदवीधरालाही बंद आहेत. म्हणून कोणी मराठीची पदवी खोटी ठरवत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून चालू आहे आणि तिथून मिळणारी नाट्य विषयाची पदवी विद्यापीठाचीच असते. गल्लोगल्ली निघालेल्या अभिनयाच्या क्लासांचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा या दोहोंची गल्लत केली आहे, आणि त्याची किंमत तिसऱ्याच घरातली मुले मोजत आहेत.

नोकरीच नाही, या दाव्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली हेच पुरेसे उत्तर आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या पात्रतेत तिने नाट्य विषयाची स्वतंत्र तरतूद केली आहे. नाट्य विषयात 55 टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि नेट, म्हणजे अध्यापकांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा एक मार्ग. नेटमध्ये नृत्य आणि नाट्य यांचा स्वतंत्र विषयगटही आहे. दुसरा मार्ग व्यावसायिक कलावंतांसाठी असून त्यातही राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तशाच संस्थेची पदवी वा पदविका आणि जोडीला पाच वर्षांचे नावाजलेले रंगमंचीय काम मागितले आहे, म्हणजे कलावंताच्या वाटेनेही शिक्षण चुकलेले नाही. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होते. अर्थात, जागा थोड्या आहेत, त्यांतल्या अनेक वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांच्या हाती येणारी रक्कम लाजिरवाणी असते, हे खरे आहे. पण ती दुरवस्था इतिहास, मराठी आणि भौतिकशास्त्र या विषयांतही तशीच आहे. तिचा ठपका एकट्या नाट्यशास्त्रावर का?

डॉक्टर नटांचा दाखला तर उलटाच अंगावर येतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते; डॉ. मोहन आगाशे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते. हातात दुसरा व्यवसाय असलेली माणसे नाटक करू शकली, एवढेच यातून सिद्ध होते. त्याच मापाने मोजायचे तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि रोहिणी हट्टंगडी यांची नावे संदेशातून का गळली?

फीचा मुद्दा वर सांगितलेल्या गल्लतीतूनच आला आहे. लाखांत जाते ती बहुधा खासगी क्लासांची फी, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर निवडलेल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते.

उत्पन्नाविषयीचा शेवटचा दावा अर्धा खरा आहे. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला नाईट मिळते, म्हणजे प्रयोग लागला तर पैसे, नाटक बंद पडले की पैसेही बंद. मालिकांचे मानधन 90 दिवसांनी हाती पडण्याची पद्धत कुप्रसिद्ध आहे. आणि पदवी दाखवली म्हणून कोणताही निर्माता नाईट वाढवून देत नाही. परंतु नाटकाचे पैसे केवळ नटाला मिळतात, असे समजणाऱ्याने दुपारच्या प्रयोगाआधी नाट्यगृहात एकदा डोकावून यावे. बसमधून सेट उतरतो, त्या दिवशीच्या रंगमंचाची खोली आदल्या दिवशीपेक्षा कमी असते, म्हणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, कुठे सरकवायचे हे नेपथ्य सांभाळणारा तिथल्या तिथे ठरवतो, आणि प्रकाशयोजनाकाराचा माणूस शिडीवर चढून प्रत्येक स्पॉटचा कोन नव्याने लावतो. हे काम विद्यापीठाच्या विभागात शिकवले जाते, विद्यार्थी एकमेकांच्या प्रयोगांसाठी ते स्वतः करतात, आणि अशा माणसाला एका नाटकावर अवलंबून राहावे लागत नाही. तो नाटक, संगीत मैफल, कंपन्यांचे सोहळे आणि चित्रीकरण अशा चार ठिकाणी कामे घेतो. डबिंग, श्राव्य पुस्तके आणि शाळांतील नाट्यशिक्षण यांतही असे प्रशिक्षण उपयोगी पडते.

त्यामुळे माझ्या भाचीने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. तिच्या विभागात प्रकाश आणि नेपथ्य यांचे प्रत्यक्ष काम किती आहे, तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, पुढे नेट द्यायची तिची तयारी आहे का, आणि पहिली काही वर्षे उत्पन्न अनियमित राहिले तर घर तिला किती काळ आधार देऊ शकेल, हे प्रश्न तिने आणि माझ्या बहिणीने विभागप्रमुखांपुढे बसून विचारावेत, आणि तेही अर्जाची मुदत संपण्याआधी.