निळ्या टपालपेटीचं कुलूप फुटत नाही म्हणून चेक सेफ? अजिबात नाही

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय, की पोस्टाच्या निळ्या पेटीचं कुलूप सरकारी, ते फुटत नाही, चावी बाहेर मिळत नाही, वर फेडरल गुन्हा, तेव्हा चेक बिनधास्त टाका. लोक हे वाचून शनिवारी रात्री भाड्याचे चेक टाकून मोकळे होतात, म्हणून लिहितेय.

कुलूप दणकट आहे, मान्य. पण ते फोडत बसतंय कोण?

"चावी बाहेर मिळत नाही" हे वाक्य सगळ्यात घातक. त्या चावीला ॲरो की म्हणतात आणि ती एका पेटीची नसतेच, त्या भागातल्या निळ्या पेट्या, कॉलनीतले क्लस्टर बॉक्स (अनेक घरांच्या टपालपेट्या एकत्र असलेला खांब), अपार्टमेंटच्या लॉबीतलं मेलबॉक्सचं पॅनल, हे सगळं त्याच एका चावीने उघडतं. आणि ती असते कुठे, तर रस्त्यावर एकट्या फिरणाऱ्या पोस्टमनकडे. म्हणून चोर कुलपाच्या नादी न लागता सरळ पोस्टमनलाच गाठतात. आर्थिक वर्ष २०२२ मध्ये ड्युटीवरच्या ४१२ पोस्टमनना लुटलं गेलं, आकडा टपाल खात्याचाच आहे. एक चावी गेली की अख्खा एरिया उघडा, मग कुलूप किती जाड आहे याला काय अर्थ राहतो?

बरं, चावी नसली तरी चालतं. दोरीला चिकट काहीतरी लावून पेटीच्या तोंडातून आत सोडतात आणि पाकिटं वर ओढतात, याला फिशिंगच म्हणतात. म्हणून तर नव्या पेट्यांना ओढायच्या झडपेऐवजी अरुंद फट ठेवलीय.

फेडरल गुन्हा, तर हो, चावी चोरली तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोर पकडला जाईपर्यंत तुमच्या चेकवरची शाई ॲसिटोनने धुऊन, सही तेवढी तशीच ठेवून, नाव आणि रक्कम बदलून झालेली असते.

आणि कुलपं एवढी भक्कम होती तर मे २०२३ मध्ये खात्याने ४९,००० ॲरो कुलपं काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचं जाहीर का केलं असतं?

पेटी वापरूच नका असं नाही. पाकिटं आत रात्रभर पडून राहणं हाच खरा धोका, त्यामुळे पेटीवरच्या लेबलवर शेवटच्या पिकअपची वेळ बघा आणि त्याच्या आधी टाका. वेळ टळून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी पोस्टात आत जाऊन द्या, आणि चेक जेल पेननेच लिहा, ती शाई कागदात मुरते, सहजासहजी धुतली जात नाही.