मास्तर चुकवावेत कसे?

वयाची पन्नाशी उलटली, केस मागे सरकले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, घरात माझं कुणी ऐकेनासं झालं. म्हणजे मोठं होण्याची सगळी लक्षणं पुरी झाली. तरीही फोंड्याच्या बाजारात मागून कुणी ‘‘काय रे?’’ म्हटलं की माझा उजवा हात आपोआप पुढे होतो. छडी खायला. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, यावर औषध नाही, माझाही होतो. तो आमच्याच शाळेचा.

मुंबई-पुण्याच्या लोकांना हे दुखणं कळायचं नाही. तिथे शाळा सुटली की मास्तरही सुटतात. आमचा गोवा सगळा मिळून 3702 चौरस किलोमीटर. त्यातून डोंगर, जंगल, खाणी, नद्या आणि पर्यटकांनी भरलेले किनारे वजा केले की उरलेल्या जागेत आम्ही आणि आमचे मास्तर. जायचं कुठे? बँकेत रांगेत पुढे इतिहासाचे सर, मामलेदार कचेरीत जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी उभं राहावं तर मागे भूगोलाच्या बाई, आणि त्याही माझ्या खांद्यावरून माझा अर्ज वाचणाऱ्या. शाळेतून निवृत्त होताना यांना शाल-श्रीफळ दिलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या घाईत वाजवल्या असं आता वाटतं.

सगळ्यांत चुकवायला कठीण म्हणजे गणिताचे सर. त्यांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे, सगळं तोंडपाठ, आणि ते आम्हालाही यायला हवं हा हट्ट. कॅल्क्युलेटरच्या जमान्यात औटकी कशाला, असं एकाने विचारलं होतं. त्याला उरलेला तास बाकावर उभं राहून विचार करायची सवलत मिळाली.

परवा रविवारी मासळी बाजारात गेलो. बांगडे छान होते, डोळे चकचकीत, कल्ले लाल. मासेवाली म्हणाली, शंभरला तीन. मी घासाघीस केली, शेवटी दोनशेला सात ठरले. विजयी मुद्रेने पिशवी उघडली, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘दोनशेला सात, तर शंभरला किती?’’

पाठीतून कळ गेली. हात पुढे झाला, पण त्यात पिशवी होती.

‘‘साडेतीन, सर.’’

‘‘मग पहिल्यांदा तिने तीन सांगितले, तेव्हा अर्धा बांगडा कुठे होता?’’

आता याचं उत्तर मला कसं ठाऊक असणार? बाजार थांबला. शेजारी सुंगटं निवडणारी बाई निवडायची थांबली. सर म्हणाले, ‘‘औटकी म्हण.’’ मी ‘औट एके औट, औट दुणे सात’ इथपर्यंत गेलो आणि पुढे काळोख. तेव्हा सुरीने बांगड्याचं पोट फाडता फाडता मासेवालीने खाली मान घालूनच ‘साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस’ असं एका दमात पस्तीसपर्यंत म्हणून टाकलं, आणि सुरी पाण्यात बुचकळत म्हणाली, ‘‘सर, हाका तेन्नाय येनाशिल्लें!’’ म्हणजे, याला तेव्हाही येत नव्हतं.

तीही आमच्याच शाळेची निघाली, दोन इयत्ता मागे. सरांना तिने शंभरला पाच बांगडे दिले. हा भाव कुठल्याच पाढ्यात बसत नाही, पण ते सरांच्या नजरेला आणून द्यायची माझी छाती झाली नाही.

या सरांचं घर पर्वरीला, म्हणजे मांडवीच्या पलीकडे, आणि शाळा आमच्या माशेलच्या बाजूला. 5 जुलै 1986 रोजी पणजीचा नेहरू पूल कोसळला. दिवस शनिवार. मोठी माणसं हळहळत होती आणि आमच्या वर्गात मात्र रविवारभर दबक्या आवाजात दिवाळी. सोमवारी घटक चाचणी होती. मांडवी भरून वाहते आहे, पूल पाण्यात आहे, सर पर्वरीला आहेत. भूमितीत याहून निर्दोष सिद्धता आम्ही पाहिली नव्हती. सोमवारी प्रार्थनेला उभे राहिलो, डोळे मिटले, उघडले तर समोर सर. गुडघ्यापर्यंत पॅंट ओली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या ठेवलेल्या प्रश्नपत्रिका. पहाटेच्या फेरीबोटीने बेतीहून पणजी गाठून, तिथून मिळेल ती बस पकडून आले होते. चाचणी झालीच, शिवाय फळ्यावर नवं गणित आलं: बेतीहून पणजीला निघालेल्या फेरीबोटीचा वेग इतका, प्रवाहाचा इतका, तर पलीकडे पोचायला वेळ किती? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘सर, ते चालकाच्या चहावर अवलंबून.’’ सर हसले. आम्ही त्यांना हसताना पाहिलं ते त्या एकदाच, म्हणून ती घटना मला पुलापेक्षा जास्त लक्षात आहे. आता मांडवीवर एकाला एक लागून तीन पूल उभे आहेत. एवढी सोय तेव्हा असती तर सर रविवारीसुद्धा आले असते.

मास्तरांची ही भीती आनुवंशिक असते असा माझा संशय आहे. मुक्तीनंतर, 1963 साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या गावात जे मास्तर आले ते वेंगुर्ल्याकडचे. एक खोली, चार इयत्ता, एकटे मास्तर. तेच लोकांची पत्रं वाचून दाखवत, तेच अर्ज लिहून देत, संध्याकाळी देवळात पेटीवर तेच. माझे काका त्यांच्या हाताखाली शिकले. मास्तर जाऊनही वर्षं झाली, तरी शाळेवरून जाताना काका अजून विडी मुठीत लपवतात.

मराठीच्या बाईंचा धाक वेगळ्या जातीचा. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. त्यांच्याकडे लाल पेन होतं. बाई पोर्तुगीज अमदानीत जुन्या पद्धतीचं शुद्धलेखन शिकलेल्या. मग 1962 साली नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. बाईंनी नियम निमूटपणे पाळला, पण एवढी टिंबं वाया गेल्याचं त्यांना सोसलं नसावं. ती सगळी त्यांनी लाल शाईत आमच्या वह्यांवर परत आणली.

चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. पत्रिका चुलतभावानेच मोबाइलवर जुळवून छापायला दिलेली, सोनेरी अक्षरं, गणपती, दोन बाजूंना केळीची झाडं. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, गणपतीला नमस्कार केला आणि टेबलावरच्या डब्यातून पेन काढलं. मी म्हटलं, ‘‘बाई, ही छापून झाली आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘दिसतंय ते.’’ आणि ‘शुभाशिर्वाद’मधल्या ‘शि’भोवती गोल पडला.

‘‘शी दीर्घ.’’

‘‘हो बाई. लग्नाला मात्र नक्की या.’’

‘‘येईन. पण ज्यांना आशीर्वाद लिहिता येत नाही त्यांना तो द्यायचा कसा, एवढं विचारून ये घरी.’’

घरी विचारलं. नवरदेव म्हणाला, त्यांना सांग, ऱ्हस्व चालेल. हे मी अर्थातच सांगितलं नाही. बाई लग्नाला आल्या, पानात वाढलेलं सगळं संपवलं, आणि जाताना नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट ठेवलं. त्यावर स्वच्छ वळणदार अक्षरात ‘शुभाशीर्वाद’, आणि ‘शी’खाली दोन लाल रेघा. पाकिटात किती होते ते चुलतभाऊ विसरला, पण आता तो दुकानाच्या पाट्यासुद्धा तपासत हिंडतो. त्याची बायको कंटाळली आहे.

विज्ञानाचे सर मात्र मला मनापासून आवडायचे. ते मुळात नट होते. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी मराठी नाटक बसवायचं ही जुनी चाल, आणि आमच्या गावात ते सरांशिवाय उभंच राहत नसे. जत्रेच्या रात्री सर राजा होऊन पहाटेपर्यंत गर्जत आणि सकाळी आठला वर्गात. गालाच्या कडेला पुसायचा राहिलेला रंग, आवाज बसलेला, तरी शिकवणं संगीत नाटकाच्या थाटाचं. आर्किमिडीज शिकवताना ‘युरेका’ म्हणून सर दारातून खरोखर धावत बाहेर गेले आणि टाळी पडल्याशिवाय परत आले नाहीत. एका जत्रेत ऐन युद्धाच्या प्रवेशात त्यांची मिशी निघाली होती. त्यांनी ती तळहातावर झेलली, कंबरेला खोचली आणि युद्ध जिंकलं. दुसऱ्या दिवशी गुरुत्वाकर्षण शिकवायचं होतं. सर म्हणाले, उदाहरण काल सगळ्यांनी पाहिलंच आहे.

त्यांचा खरा मोठेपणा दिसला तो ऊर्ध्वपातनाच्या तासाला. पुस्तकात काचेची आकृती: चंचुपात्र, नळी, थंड पाणी. आमच्या वर्गात सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता, मामाकडे राहून शिकणारा. एरवी तोंड उघडत नसे. आकृती बघून तो हळूच म्हणाला, ‘‘सर, ही भाटी.’’ सरांनी खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर आमच्याबरोबर बसले. आणि तो मुलगा बोलायला लागला. काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, पायांनी कशी मळायची, रस आंबवायला किती दिवस ठेवायचा, तो भाणात, म्हणजे चुलीवरच्या मडक्यात, घालून खाली विस्तव कसा मंद ठेवायचा, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या मडक्यात, कशी उतरते, आणि लावणीवर सतत थंड पाणी ओतलं नाही तर बाप काय म्हणतो. पहिल्या खेपेचा तो उर्राक, पुन्हा चढवला की फेणी. सर मध्येच हात वर करून शंका विचारत होते! ‘‘विस्तव मोठा झाला तर?’’ ‘‘करपल्याचा वास येतो, सर. गिऱ्हाईक परत येत नाही.’’ सरांनी उठून फळ्यावर लिहिलं, ‘तापमान नियंत्रण’. परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी भाटीच काढली. पेपर तपासणाऱ्याने काय केलं असेल कुणास ठाऊक, पास तर झालो.

पण या उपकाराची वसुली झालीच. गोव्यात पावलोपावली बार आहेत हे खरं, पण मास्तर अर्ध्या पावलावर असतात. मागच्या एप्रिलमध्ये, ऐन उर्राकाच्या दिवसांत, एका तावेर्नात मी आणि एक मित्र बसलो होतो. ग्लासात उर्राक, वर लिम्का, त्यात मिठाची चिमूट आणि उभी चिरलेली मिरची. दारातून विज्ञानाचे सर आत आले. मित्र टेबलाखाली वाकून चप्पल शोधू लागला. चप्पल त्याच्या पायातच होती. मी म्हणालो, ‘‘लिंबू सोडा, सर.’’ सरांनी ग्लास उचलून नाकाशी नेला आणि भर रंगमंचावर म्हणावं तसे म्हणाले, ‘‘बालका! लिम्क्याने रंग झाकत नाही, कारण उर्राकाला रंगच नाही. आणि वास? वास तर सांगतोय, विस्तव मोठा झाला होता.’’ मग गल्ल्यावरच्या माणसाकडे वळून, ‘‘कुठल्या भाटीचा रे हा?’’ त्याने गाव सांगितलं. सर म्हणाले, तिथला आपला विद्यार्थी आहे, त्याला निरोप धाडतो. त्यांनी स्वतःसाठी शहाळं मागवलं आणि आमच्या टेबलावर बसले. तेवढ्या वेळात आम्ही दोघांनी ती मिरची तेवढी चोखली.

राहिले पीटीचे सर. त्यांचा विषय म्हणजे शिट्टी, उंचीप्रमाणे रांग आणि नखं. दर सोमवारी नखं तपासणी. तळहात खाली, बोटं ताठ. नखात माती दिसली की मैदानाला फेरी. शेतात काम करून आलेल्या मुलांवर हा शुद्ध अन्याय होता, हे माझं मत आजही कायम आहे.

या सरांवर सूड उगवायचा वर्षातून एकच दिवस. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून लहानथोर चिखलात उतरतात, जुने खेळ खेळतात, एकमेकांना लोळवतात, आणि त्या दिवशी चिखलात कुणी कुणाचा मास्तर नसतो. सर दरवर्षी उतरत आणि आम्ही दरवर्षी त्यांना गाठून आडवे करत असू. ते मनमोकळे हसत, आणि पुढच्या सोमवारी ज्यांनी ज्यांनी ढकललं त्यांचीच नखं जरा बारकाईने पाहत.

गेल्या चिखलकाल्याला सर काठावर उभे होते. आता गुडघे साथ देत नाहीत. गळ्यात शिट्टी मात्र होतीच. नातवासाठी आणली म्हणाले, नातू कुठे दिसला नाही. चिखलात आम्ही सगळे, म्हणजे एक बँक मॅनेजर, एक पंचायतीचा पंच, ते रक्तदाबवाले डॉक्टर, मी. पंच डॉक्टरला लोळवत होता, बाजूला कॉलेजातली पोरं मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होती. सरांनी शिट्टी वाजवली. एकच, लांब.

आमच्या आधी आमचे पायच हलले. पाऊस पडत होता, डोळ्यांत चिखल गेलेला, तरी अर्ध्या मिनिटात रांग लागली. उंचीप्रमाणे. मी पुढून दुसरा, आठवीत होतो तसाच. पंचाने मधे घुसायचा प्रयत्न केला, त्याला मॅनेजरने कोपराने मागे ढकललं.

सर काठाकाठाने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, ‘‘नखं.’’